बाईंनी विकलेली बंदूक

परदेशात, कनाटा नावाच्या उपनगरातल्या ज्या टेलिकॉम कंपनीत मी होते, तिथे एका सकाळी आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना लेऑफ मिळाला. त्यात मीही होते. त्यानंतरचे काही महिने मी बेसमेंटमध्ये बसून नोकऱ्यांना अप्लाय करत होते आणि कुणाशी फारशी बोलत नव्हते. लॅबमधल्या एका वयस्क टेक्निशियननाही त्याच दिवशी काढलं होतं. एका शनिवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "चल, उडत्या तबकड्या फोडायला. नुसतं बसून तुझं डोकं फिरेल."

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या नेमबाजीच्या क्लबवर गेले. हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने टिपायच्या, असा तो खेळ. पहिल्या दिवशी पंचवीसपैकी दोन फुटल्या. पण त्या दोन तासांत नोकरीचा विचार एकदाही मनात आला नाही, हे परतताना गाडीत माझ्या लक्षात आलं.

मग मी सेफ्टी कोर्स केला, परीक्षा दिली. लायसन्सच्या फॉर्मवर नवऱ्याचीही सही लागत होती. पेन हातात घेऊन तो म्हणाला, "आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि बंदूक?" मी म्हटलं, "मातीच्या तबकड्यांना जीव नसतो." त्याने सही केली. लेक मात्र म्हणाली, "आई, आर यू सिरिअस?"

क्लबची दुनळी बंदूक मला झेपत नव्हती. माझा उजवा खांदा आधीच आखडलेला होता, त्यात तिचा धक्का बसून तो काळानिळा व्हायचा. टेक्निशियनकाका म्हणाले, "तू सेमी-ऑटोमॅटिक घे. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस ती आपणच चढवते, आणि त्या कामात धक्क्याचा थोडा जोर खर्च होतो." नवी घेणं तेव्हा शक्यच नव्हतं. जुनीच बघायची ठरलं.

शहरातल्या एका दुकानात मला एक फार आवडली. अक्रोडाचा चकचकीत दस्ता, किंमतही आवाक्यातली. मी पर्स उघडलीच होती. काकांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळी सुटी केली आणि खिडकीकडे धरून आत पाहिलं. मग ती माझ्या हातात दिली. आत मध्यावर एक बारीक काळी कडी दिसत होती.

"काही तरी अडकलेलं असताना कुणीतरी बार काढलाय," ते म्हणाले. "नळी तिथे फुगलीय, केव्हाही फुटेल. ही चेहऱ्याजवळ धरायची नाही."

मी पर्स बंद केली. त्या दिवशी काका बरोबर नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

पुढे क्लबच्या फळ्यावर, जुनी सेमी-ऑटोमॅटिक विकायची आहे असं हाताने लिहिलेलं एक कार्ड दिसलं. विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, कनाटाच्या पश्चिमेला एका खेड्यात राहायच्या. दारातच त्यांनी माझं लायसन्स मागितलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि मगच आत घेतलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. बंदूक त्यांचीच होती.

"खांद्याला लाव," त्या म्हणाल्या. मी लावली. क्लबच्या बंदुकीचा दस्ता मला नेहमी लांब पडायचा, मान ताणावी लागायची. ही अशी बसली की मला काही करावंच लागलं नाही.

"माझ्या नवऱ्याने दस्ता कापून दिला होता. जरा तिरका कापलाय, बघ." मग त्यांनी स्वतःच बंदुकीतले दोष सांगायला सुरुवात केली. आतली रबराची रिंग वरचेवर तुटते, म्हणून त्यांनी दोन जादा ठेवल्या होत्या. थंडीत तेल जास्त झालं की बंदूक अडकते. "शिकार करणार?"

"नाही. फक्त तबकड्या."

"मी चाळीस वर्षं बदकं मारली," त्या म्हणाल्या. "बदकांना बरं वाटेल."

बंदुकांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीला फोन केला आणि बंदूक माझ्या नावावर झाली. निघताना त्या म्हणाल्या, "याआधी दोघे आले होते. एकाने ती हातात घेतल्याबरोबर चापावर बोट ठेवलं. त्याला मी कॉफीसुद्धा दिली नाही."

पुढच्या शनिवारी त्या क्लबवर आल्या, घडीची खुर्ची घेऊन. माझ्या मागे बसून सांगायच्या, "पाय. तुझा डावा पाय चुकतोय." हिवाळा लागेपर्यंत एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. त्या आणि काका नसते तर ते वर्ष मी कसं काढलं असतं, मला माहीत नाही. मला नोकरी लागल्याचं नवऱ्यानंतर मी त्या दोघांनाच कळवलं.

नंतर त्या मुलीकडे दूर ब्रॉसार्ड शहरात राहायला गेल्या. महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचा. एकदा मी म्हटलं, "आज एकवीस फुटल्या." मला वाटलं, त्या शाबासकी देतील.

"चार कुठल्या चुकल्या?" त्यांनी विचारलं, आणि मी एकेक सांगेपर्यंत त्या शांतपणे ऐकत राहिल्या.