चिंचणीचा चिखल्या आणि त्याचा मालक

हिवाळ्यात पक्षी बघायचे म्हटलं की शहाणी माणसं भरतपूरला जातात. मी बोईसरला गेलो. कारण तिथे माझा शाळासोबती दिलीप राहतो, म्हणजे मुक्काम फुकट. आणि पक्ष्यांचं काय, चिखल मिळाला की झालं.

अहमदाबाद हायवेवर चिल्हार फाट्याला डावीकडे वळा. शिफ्ट सुटायची वेळ मात्र टाळा. कंपन्यांच्या बसना रस्ता आपलाच वाटतो, आणि खरं तर तो त्यांचाच आहे. बोईसर स्टेशनाबाहेर वडापाव खाऊन घ्या. समुद्रकाठच्या चिंचणीला जायला शेअर रिक्षा मिळतात, आम्ही मात्र गाडीनेच गेलो.

वाटेत मी दिलीपला स्थलांतराचा इतिहास ऐकवला. पक्षी थंडीत तळ्याच्या चिखलात झोपतात, असं युरोपातले पंडित कित्येक शतकं मानत. एकाने तर त्यांना थेट चंद्रावर धाडलं. आमच्या संस्कृत कवींनी हंस पावसाळ्यात मानसरोवराला जातात हे बरोबर ओळखलं, पण त्याच दमात चकोर चांदणं पितो असंही सांगून टाकलं. काठावर पास.

"मग खरं कळलं कसं?" दिलीपने विचारलं.

"पायात खुणेचं कडं अडकवून पक्षी सोडले आणि वाट बघत बसले. दुसऱ्या देशात कुणाला तो सापडला, तेव्हा कळलं."

"म्हणजे गेटपास!" दिलीप म्हणाला. कारखान्यात तीस वर्षं काढल्यावर माणसाला उपमा तिथूनच सुचतात.

चिंचणीला ओहोटी होती. बांबूंवर बोंबील वाळत होते. दिलीपला नेहमी मासळी देणाऱ्या हिराबाई आम्हाला बघताच उठल्या.

"दिलीपभाऊ, बरे आलात. तुमच्या कंपनीत कोनाचा पक्षी हरवलाय काय?"

त्यांनी एक टोपली उचलली. आत चिखल्या होता, चिखलात किडे टिपणारा हिवाळी पाहुणा, मूठभर, मातकट. पायात दोन रंगांच्या प्लास्टिकच्या चकत्या. आदल्या दिवशी तो किनाऱ्यावर पसरलेल्या जाळ्यात अडकला होता. समोर बोंबलाचे तुकडे ठेवले होते, त्याने चोचही लावली नव्हती. डोळे मिटत चालले होते.

"मावशी, मरेल हो हा. सोडून द्या," मी म्हणालो.

"दुसऱ्याची वस्तू मी सोडू? खूण हाय ना पायात!"

तेव्हा उलगडा झाला. इथे प्रत्येक होडीच्या जाळ्याला आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना आपापल्या रंगाची खूण असते. परक्या खुणेचं काही वाहून आलं, तर ते जपून ठेवायचं आणि गावोगाव निरोप धाडायचा. हिराबाईंनी पार सातपाटीपर्यंत निरोप धाडला होता.

"आमचं जालं वाहून गेलं तवा झाई गावच्या लोकांनी सांभालून आनून दिलं. आन मी लोकाचा जीव उडवून देऊ? उद्या मालक दारात आला तं चोर म्हनंल मला."

मी 'अनिकेत', म्हणजे घरदार नसलेला, या शब्दापासून समजावायला सुरुवात केली. दिलीपने माझ्या पायावर पाय दिला.

"याला मालक नाही, मावशी," मी जमिनीवर आलो.

"मग खूण कशाला बांधली?"

"कुठे जातो ते कळावं म्हणून."

"बांधला, सोडला, आन परत नको?"

"नको."

"असा कोन येडा?"

त्या येड्याचा शब्द आल्याशिवाय टोपली उघडणार नव्हती. मी चकत्यांचा फोटो पक्षी-निरीक्षक मित्राला पाठवला. तोवर हिराबाईंनी आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. अप्रतिम असणार, माझं अर्धं लक्ष टोपलीकडे होतं. आत हालचाल नव्हती.

दुपार कलल्यावर फोन वाजला. चिखल्या मंगोलियातल्या एका तळ्याकाठचा निघाला. चकत्या बांधणाऱ्याने मोडक्या इंग्रजीत बोलून निरोप पाठवला होता. हिराबाईंनी तो दोनदा ऐकला.

"काय बोलतो?"

"म्हणतो, ताई, तुमचे उपकार झाले. लगेच सोडा."

"ताई बोल्ला?"

"बोलला," मी म्हणालो. भाषांतरकाराला एवढी सूट असते.

तरी त्यांनी शेजारणींना हाक मारलीच. "बगा गं, मालकाच्या सांगन्यावरून सोडतेय."

ओल्या वाळूत ठेवलेला चिखल्या हललाच नाही. "मेला वाटतं," एक शेजारीण पुटपुटली. हिराबाई ओंजळ तशीच धरून वाकून राहिल्या. एवढ्यात तो तुरुतुरु पळाला, चिखलातून एक किडा ओढून काढला आणि गिळला.

"एवढ्या लांबून हा चिखल खायला आला?" शेजारीण म्हणाली.

"मी सांगलीहून बोईसरला आलो तेव्हा आईपण हेच म्हणाली होती," दिलीप म्हणाला.

जरा वेळाने थवा उठला, त्यात तोही उठला.

घरी येऊन आठवडा झाला. गाडीला सुक्या मासळीचा वास आहे, बायकोच्या मते मलाही. काल हिराबाईंचा फोन आला.

"मालकाकडं पक्षी कवा जानार? काय निरोप नाय आला."

मी सांगितलं, तो अजून तुमच्याच किनाऱ्यावर राहील, उन्हाळ्याच्या तोंडावर जाईल. वाटेत कुणी खूण बघून कळवलं तरच त्या माणसाला समजणार.

"म्हंजे तो जिता हाय का मेला, ते पन त्याला ठाव नाय?"

"नाही."



"मग त्याला आत्ताच कलवा. सकाली ओहोटीला बगितला मी, खूण होती पायात, खात होता. जीव टांगनीला लागला असंल बिचाऱ्याचा."