मांडवावरच्या चिंध्या

दोडका तोडण्याआधी ती त्याला नखाने टिचकी मारायची आणि विचारायची, “येतूस का ऱ्हातूस?” दोडका काय उत्तर द्यायचा ते तिलाच कळे. बहुतेक पाटीत येत. एखादा राही.

अक्कलकोट रस्त्याला सोलापूर संपतं तिथे तिचं वीस गुंठ्यांचं रान होतं आणि रानाला लागून माझी भाड्याची खोली. सगळे तिला मावशी म्हणत. ती मला ‘कागदवाली’ म्हणायची, कारण माझ्या पिशवीत कायम आमच्या संघटनेची पत्रकं असत. हुंडा असो, पाणी असो, बुवाबाजी असो, माझ्याकडे त्यावर कागद तयार. मावशी प्रत्येक पत्रक घ्यायची, दोन्ही बाजूंनी हात फिरवायची आणि म्हणायची, “कागद चांगला हाय.” मजकुराबद्दल तिने कधीच मत दिलं नाही. असा वाचक तुम्हालाही भेटला असेल.

दिवाळी झाली की दोडक्याचे वेल पिवळे पडत. मग शेवटचा तोडा करायचा, वेल उपटायचे, मांडवाच्या तारा गुंडाळून ठेवायच्या. त्या वर्षी तोड्याच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेले, तर मावशी बाजारात गेलेली. मांडवाखाली शिरले आणि बघते तर काय, पाच दोडक्यांच्या देठांना लाल चिंध्या! दृष्ट लागू नये म्हणून! आणि माझ्या शेजारी! महिन्याभरापूर्वीच मी ‘चिंध्या सोडा, विचार जोडा’ असं पत्रक काढलं होतं. मी पाचही चिंध्या सोडल्या, पिशवीत टाकल्या आणि समाज एक पाऊल पुढे सरकल्याच्या आनंदात खोलीवर आले.

दुसऱ्या दिवशी मावशी रानात यायच्या आतच मजूर बायांनी शेवटचा तोडा उरकला. कोवळे दोडके पाटीत भरले, जून झालेले म्हशीपुढे टाकले. दुपारी हाक आली.

“ए कागदवाले! हितं ये. माझ्या चिंध्या कुटं हायत?”

पिशवीत हाताला लागल्या तेवढ्या चिंध्या मी काढून दिल्या आणि लगोलग भाषणच सुरू केलं. “मावशी, दृष्ट म्हणजे नुसता मनाचा खेळ...”

“आगं, कसली दिष्ट? बियाचे दोडके हुते ते. कुणी तोडू न्हाई म्हून खूण केल्ती.”

म्हैस पाचवा दोडका चघळत होती. अगदी शांतपणे.

मावशी बांधावर बसली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“लग्नात आईनं माझ्या वटीत घातलं हुतं ह्ये बी. दर साली धरत आले. आता म्हायेरातसुद्धा कुणाकडं न्हाय.”

‘देशी बियाणं वाचवा’ असंही माझं एक पत्रक होतं. ते नेमकं त्याच वेळी आठवलं.

मग मावशीने वर पाहिलं. एक वेल मांडव सोडून बांधावरच्या कडुलिंबावर चढला होता. पार शेंड्याजवळ एक वाळका दोडका लोंबत होता. तिथवर तिचा हात पोचला नव्हता, आणि माझे विचारही.

“चढ,” मावशी म्हणाली.

“मी?”

“मग काय म्हस चढंल?”

मी चढले. गुडघा सोलला, ओढणी फाटली. खाली बाया जमून मजा बघत होत्या.

“मावशी, फांदी हलतीय!”

“हलू दे की! मनाचा ख्योळ हाय त्यो!”

दोडका हातात आला तेव्हा आत बिया खुळखुळल्या. काळ्याभोर एकोणीस निघाल्या. त्यातल्या सहा मावशीने माझ्याच पत्रकात बांधून मला दिल्या.

“मला कशाला? मीच तर घात केला,” मी म्हणाले.

“म्हून तर. आता तू इसरायची न्हाईस. आन् माझी म्हस लई खादाड हाय.” मग पुडीवर हात फिरवून म्हणाली, “कागद चांगला हाय.”

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. मुलाने रान विकलं. मांडवाच्या जागी आता प्लॉटचे दगड रोवलेत.

माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजांवर यंदा दोडक्याचा वेल चढला आहे. त्यावरच्या एका दोडक्याला मी टिचकी मारून विचारलं. तो राहतो म्हणाला असावा. पिशवीच्या तळाशी एक लाल चिंधी उरली होती, ती त्याच्या देठाला बांधली.

परवा संघटनेतला एक नवा सहकारी आला. चिंधी बघून थबकला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, घसा खाकरला आणि वाचायला लागला, “चिंध्या सोडा...”

मी त्याच्या हातून कागद घेतला. दोन्ही बाजूंनी हात फिरवला.

“कागद चांगला आहे,” मी म्हणाले. “राहू दे. बियांना लागेल.”