लाल कार्डावरची सही

दार फुटायच्या आधी तो माणूस माझ्या कणकेच्या परातीमागे उकिडवा बसला होता आणि मला विचारत होता, "काकू, पेन हाय काय?"

बाहेर माणसं दारावर लाथा घालत होती. "रेफरीले बाहेर काढा" म्हणून ओरडत होती. त्याच्या कपाळावर दगड लागला होता. रक्त नाकावरून उतरून गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीवर पडत होतं. मी म्हटलं, "जीव चालला तुमचा, अन् पेन कायले पाह्यजे?"

त्याने खिशातून लाल कार्ड काढलं. अचलपूरच्या संघाचा कोच बर्फाच्या पेटीजवळ उभा होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाला, "याची सही राह्यली."

मला हा माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी गळा काढायला नको.

अमरावतीला राजापेठेत तो आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. एस.टी.त कंडक्टर होता आणि सुट्टी टाकून फुटबॉलचा रेफरी व्हायचा. दोन्हीकडे काम एकच, माणसं बाहेर काढायची. अंजनगाव सुर्जीच्या गाडीतून त्याने एकदा स्वतःच्या सासऱ्याला अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं, कारण सासऱ्याने खिडकीतून पिचकारी मारली आणि ती मागच्या बाईच्या लुगड्यावर गेली. म्हातारा उन्हातून पायी घरी आला. बायको कितीतरी दिवस याच्याशी बोलली नाही. मी विचारलं, "सासऱ्याची सही घेतली काय मंग?" तो हसला नाही. म्हणाला, "थो खेळाडू नाई."

आता सहीचं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले आणि जन्मभर लोकांच्या पंगतीचा स्वयंपाक केला. आमच्याकडे अमरावती-अकोल्यात फुटबॉलच्या स्पर्धा होतात तेव्हा बाहेरगावचे संघ एखाद्या शाळेत उतरवतात. बाकं भिंतीशी सारून पोरं वर्गात झोपतात आणि एका वर्गात आम्ही भट्ट्या मांडतो. कामठीचे, नागपूरचे, बुऱ्हाणपूरचे खेळाडू येतात. कधी एखादा आफ्रिकेतला उंच पोरगाही असतो. तुम्ही अशा स्पर्धेला गेला असाल तर पाहिलं असेल, मॅच संपली की शाळेतली पोरं सह्यांसाठी धावतात. वहीवर, हातावर, सदऱ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे सही घेतात. सगळी झुंबड गोल मारणाऱ्याभोवती असते.

हा रेफरी मात्र जायचा हरलेल्यांच्या खोलीत. ज्याला त्याने त्या दिवशी लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. तेच कार्ड उलटं करून पुढे धरायचा आणि म्हणायचा, "सही कर. रागानं कर, पण कर."

कार्डं घरीच बनायची. लग्नपत्रिकांचा लाल पुठ्ठा त्याची बायको कात्रीने कापून द्यायची. एका खेळाडूला एक कार्ड. सही झालेलं कार्ड पुन्हा मैदानात जात नसे.

तो यायचा नेमका जेवणाच्या वेळी, कारण तेव्हा सगळे एका जागी सापडतात. म्हणजे भांडण माझ्या पंगतीत. कामठीच्या एका खेळाडूने याला पाहिलं आणि समोरचं ताट भिंतीवर मारलं. वरण खालपर्यंत ओघळलं. पुसलं कोणी? मी. दुसऱ्या एकाने कार्ड घेतलं आणि नावाच्या जागी आईवरून शिवी लिहिली. याने ती वाचली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कार्ड खिशात ठेवलं. "नाव कुठं हाय त्यात?" मी म्हटलं. "हे बी त्यानंच लिवलं ना काकू," तो म्हणाला. त्या आफ्रिकेतल्या पोराने मात्र हसत सही केली आणि याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. त्यावर हा नाराज. घरी जाताना म्हणाला, "त्याले राग आलाच नाई. त्या सहीत काई दम नाई."

आणखी एक नियम होता. सही त्याच्यासमोर झाली पाहिजे. एका मॅनेजरने सांगितलं, कार्ड ठेवून जा, उद्या देतो करून. हा खोलीबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसून राहिला. मग पोरांनी कंटाळून दुसऱ्याच कुणाच्या हातून सही करून आणून दिली. याने कार्ड फाडलं. "मायासमोर पाह्यजे. पाठीमागं केलेली सही मले नाई चालत." आत जाऊन त्या पोराला झोपेतून उठवून सही घेतली. मार खाता खाता वाचला.

मी एकदा तोंडावर विचारलं, "कायले पाह्यजे हे सारं तुमाले?"

"मैदानातून गेलेला माणूस घरी जाऊन मले मनात शिव्या देते. थ्या मले झोपू देत नाईत. सही करताना तोंडावर देते. मंग संपते."

म्हणजे झोप याची आणि त्रास दुसऱ्याच्या हाताला. माफी मागायची तर तोंडाने मागावी. हा पावती घेत फिरायचा. तुम्हीच सांगा, काय आवडावं अशा माणसात?

एक सही मात्र त्याला मिळाली नव्हती.

तो पोरगा मूळचा अंजनगावकडचा, अचलपूरच्या संघातून खेळायचा. पुढे पळणारा खेळाडू होता. अमरावतीच्या एका फायनलला खुर्च्यांवर साहेब लोक बसले होते, नोकरीसाठी चांगले खेळाडू निवडायला आलेले. याने पहिल्याच हाफमध्ये पोराला लाल कार्ड दाखवलं. साहेबांनी दुसरा निवडला. चेंडू कुठे लागला आणि चूक कोणाची, ते मला कळत नाही. पोराची नोकरी गेली एवढं कळतं. त्या दिवशी तो माझ्या पंगतीत बसला होता, पोळीला हात लावत नव्हता. हा आलाच कार्ड घेऊन.

पोरगा म्हणाला, "चुकलो म्हण. मंग करतो सही."

"शिट्टी वाजली म्हंजे वाजली," हा म्हणाला.

"मंग जाय."

पुढे त्या पोराने अचलपूरला टायरचं दुकान टाकलं आणि सकाळी मैदानावर मुलांना शिकवू लागला. हा दरवर्षी एक सुट्टी काढून तिकडे जायचा. तो याला चहा पाजायचा. मग दोघं तेच बोलायचे. एक म्हणायचा सही कर, दुसरा म्हणायचा चुकलो म्हण. हा तेच कोरं कार्ड घेऊन परत. त्याची बायको नळावर सांगायची, "सवतीकडे जावं तसे अचलपूरले जातेत. येतेत बी तसेच, तोंड पाडून."

मग अकोल्याची फायनल आली. एका बाजूला अकोल्याचा घरचा संघ, दुसऱ्या बाजूला अचलपूर, आणि तोच टायरवाला आता त्यांचा कोच झालेला. शिट्टी याच्याकडे. मी मैदानालगतच्या शाळेत पोळ्या लाटत होते. शेवटी शेवटी याने घरच्या संघाच्या गोलकीपरला लाल कार्ड दाखवलं आणि अचलपूरला पेनल्टी दिली. गोल झाला. घरचा संघ हरला.

लोक मैदानात उतरले. हा पळत माझ्या खोलीत शिरला आणि मी कडी लावली. कोच आधीच आत होता, पाय मुरगळलेल्या पोरासाठी मठ्ठ्यासाठी आणलेला बर्फ न्यायला आलेला. खिडकीला गज, दुसरं दार नाही. आणि हा मला पेन मागतो.

कोच म्हणाला, "पेन मायाजवळ हाय." त्याने खिशातून काढला, टोपण उघडलं. "म्हण आता."

दारावर बाक आदळलं. कडीचा खिळा निघाला.

"शिट्टी वाजली म्हंजे वाजली."

"मरून जाशीन बुढ्ढ्या! एक शब्द म्हण!"

"तू कर. रागानं कर, पण कर."

"तुमच्या दोघायच्या तोंडात माती," मी म्हटलं, "दाराले टेका लावा!"

टेका लावायला वेळ मिळाला नाही. पहिला जो आत आला, त्याने सकाळी माझ्या हातची आलू-वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली होती. त्याला एकाच्या हातात कार्ड दिसलं, दुसऱ्याच्या हातात उघडा पेन. तो मागे वळून ओरडला, "पाहा बे! हिशोब करून राह्यले दोघं! आतून मिळालेले हायेत!"

पुढे कोणी काही विचारलं नाही. एका हाताने मारत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरत होते. मी रेफरीला म्हातारपणात कोणी मारावं अशी कधी इच्छा केली नव्हती, फक्त माझ्या पंगतीत येऊ नये एवढीच होती. कोच मध्ये पडला. ज्याने त्याची नोकरी घालवली त्याच्या अंगावर आडवा झाला. बाकाचा पाय त्याच्या डाव्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी भट्टीवरचा वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, त्यांच्यावर ढकलला. पुढच्या काही जणांचे पाय भाजले. त्याचं मला काही वाटत नाही. अजून एक गंज असता तर तोही ढकलला असता. पोलीस आले तोवर रेफरीच्या डोक्यात आणखी घाव बसले होते.

दवाखान्यात त्याला शुद्ध नव्हती. मी आणि त्याची बायको बाहेर बाकावर बसायचो. कोच आला, खांदा बांधलेला. कणीक लागलेलं ते लाल कार्ड त्याने तिथूनच उचलून आणलं होतं. पलंगाशेजारी बसला, कार्ड गुडघ्यावर ठेवलं, पेन उघडला आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागला.

"डोये उघड," म्हणाला. "करून राह्यलो सही. पाह्य."

पलंगावरचा माणूस हलला नाही.

बायको रडत म्हणाली, "करून टाका ना भाऊ. वाट कायले पाहता?"

"त्याच्यासमोर पाह्यजे, वयनी. पाठीमागं केलेली त्याले चालत नाई."

दुसऱ्या दिवशीही आला. त्यानंतरही रोज येत राहिला, अचलपूरहून गाडीने, दुकान बंद ठेवून. कार्ड काढायचा, पेन उघडायचा. एकदा त्याने कानाशी तोंड नेलं. मी दारात होते, मला ऐकू आलं. "चुकलो म्हनू नोको. राहू दे थे. फक्त पाह्य." मग डॉक्टरांनी बायकोला आत बोलावलं. कोच उठला, पेनाला टोपण लावलं आणि कोरं कार्ड तिच्या हातात दिलं.

अकोल्यात त्याची शोकसभा झाली. मलाही बोलावलं. फोटो मोठा केला होता. एकजण माईकवर म्हणाला, त्यांनी खेळासाठी प्राण दिले. हार घालायला जी रांग लागली, तीत भाजलेल्या पायाला पट्टी बांधलेला एक होता. मी उठले आणि विचारलं, "दार कोनं फोडलं?" माईक बंद झाला. कोणीतरी मला दंडाला धरून बसवलं. "मावशी, आता कायले," म्हणाला. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी ज्यांना ओळखलं त्यांची नावं सांगितली. गल्लीतले लोक म्हणतात, कशाला सांगितली, तुला काय करायचं होतं, तो तर तुला आवडतही नव्हता. नव्हताच आवडत.

स्वयंपाकाच्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो. अचलपूरवाला वाचला. मी वाचले.