मधे कुणी नको

भोरच्या एसटी स्टँडवर स्वारगेटची गाडी लागली, तेव्हा अण्णा माझी फाईल तिसऱ्यांदा तपासत होते. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, आणि सगळं कचेरीत बांधतात तसं लाल नाडीनं बांधलेलं. आई बाकावर बसून फोडणीच्या मिरच्यांची पुडी माझ्या पिशवीत कुठं बसेल ते बघत होती. नितीन, माझा नवरा, चार महिने आधीच नेदरलँड्सला जाऊन पोचला होता आणि मी त्याच्यामागून निघाले होते. आई म्हणाली, "पोचलीस की कळव." अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, "कागदं जप." दोघंही रडले नाहीत. मी मात्र कापूरहोळ येईपर्यंत रडत होते.

त्याला अकरा वर्षं झाली. अण्णा मूळचे आंबवड्याच्या शेतकरी घरातले. नोकरी एका सरकारी कचेरीत, रेकॉर्ड सांभाळायची. जुन्या कागदांच्या धुळीत हयात गेली, पण वाचल्याशिवाय एक कागद हातावेगळा केला नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्याच सुमारास अण्णांचे कानही गेले. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. तेव्हापासून फोनवर बोलणं संपलं आणि आम्ही लिहायला लागलो.

सगळे वापरतात त्या ॲपवर अण्णा मला मेसेज करायचे. मेसेज कसले, अर्जच ते. 'येथील सर्व क्षेम. पाऊस समाधानकारक. प्रकृती उत्तम. जावईबापूंस नमस्कार.' पुढं पुढं मीही तशाच सुरात उत्तर द्यायची: 'आम्ही दोघं मजेत. थंडी वाढलीय.'

खरं म्हणजे नितीन तेव्हा घर सोडून गेला होता. मोठं भांडण वगैरे काही नाही. एका घरात राहून आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखं वागायला लागलो होतो. मग त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि मला 'चल' असं म्हटलंच नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बापाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? उद्या सांगू, उद्या सांगू करत आठ महिने गेले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब जाऊन राहिलेत, त्यांना हे 'मजेत' नीट कळेल.

त्यातच मी आठवडाभर भोरला जाऊन आले. एकटीच. नितीनला रजा नाही म्हणून सांगितलं. तेव्हा एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून मी अण्णांना विचारलं, की मला असे कचेरीसारखे मेसेज का पाठवता. ते म्हणाले, "त्यात मधे कुनीतरी हाय." मी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, तसं नाही, सगळं कुलूपबंद असतं. अण्णा हसले. "रेकॉर्डरूमलाबी कुलूप व्हतं. किल्ली माज्याकडं व्हती, तरी ज्याला वाचायचं त्यो वाचून जायचा." तुझ्या मशिनीतून थेट माझ्या मशिनीत जाईल असं काही असेल तर मनातलं लिहीन, असं त्यांनी बजावलं.

म्हणजे यांच्या मनात काहीतरी आहे, एवढं मला कळलं. दुखणं लपवताहेत, अशी माझी खात्रीच झाली.

थेट जाणारं असतं. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, मला ते ठाऊक होतं. दोन्ही कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम टाकायचा. कोण कुठं आहे हे एक तिसरी मशीन दोघांना सांगते आणि बाजूला होते. पुढचं बोलणं परस्पर. थेट जोडणी झाली की नावापुढं हिरवा दिवा लागतो, नाही जमली तर पिवळा, म्हणजे मजकूर दुसरीकडून वळसा घालून जातोय. पत्ता सांगणारा चालेल, असं अण्णा म्हणाले, पोस्टमनही सांगतोच की. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकला आणि परत आले.

इथं येऊन लावलं तर दिवा पिवळा.

आडवे आले होते आमच्या घरातले राऊटर. राऊटरची फायरवॉल दारावर बसवलेल्या माणसासारखी असते. आतल्यानं हाक मारली तर त्याचं उत्तर ती आत घेते, आपणहून आलेल्याला दारातूनच परत पाठवते. दोन्ही घरांत असा एकेक बसलेला. माझ्याकडचा घरमालकाचा, त्याला हात लावायची सोय नाही. तेव्हा दार उघडायचं ते भोरलाच, आणि उघडायचं अण्णांनी.

बहात्तर वर्षांच्या माणसाला पिवळ्या दिव्याखाली एकेक ओळ लिहून राऊटरची सेटिंग्ज शिकवणं काय असतं, ते विचारू नका. पण अण्णा चिवट. प्रत्येक पायरी त्यांनी वहीत तारीख-वेळ घालून लिहिली. ही परवानगी कोणाच्या सहीनं द्यायची, असं त्यांनी विचारलं. तुमच्याच, असं मी कळवल्यावर त्यांना बरं वाटलं असावं, कारण पुढचं काम झपाट्यानं झालं. त्यांच्या कॉम्प्युटरला तिथल्या राऊटरनं दिलेला नंबर बघून त्यांनी नियम भरला, या नंबरसाठी आलेल्याला आत सोडावं. दिवा हिरवा झाला. अण्णांनी लिहिलं, फिरायला जायची वेळ झाली, उद्या सावकाश बोलू.

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा पिवळा. असे दोन आठवडे गेले. नियम तोच, जोडणी नाही. शेवटी मी वहीच्या पानांचे फोटो मागवले. रोज संध्याकाळी एक नोंद होती: '७.०५, मेन स्विच चालू केला.' चालू केला म्हणजे बंद का होता? उत्तर आलं: 'घराबाहेर पडताना फ्रीजसकट सर्व बंद करण्याची सौ.ची पद्धत होती. ती चालू ठेवली आहे.'

घोळ कळला. वीज परत आली की राऊटर घरातल्या मशिनींना नव्यानं नंबर वाटायचा. कालचा कॉम्प्युटरचा नंबर आज टीव्हीला जायचा आणि दार भलत्याच खोलीत उघडायचं. स्विच बंद करू नका, असं सांगणं सोपं होतं. ते मला लिहवेना. त्याऐवजी कॉम्प्युटरला कायमचा एकच नंबर बांधून द्यायचं मी त्यांना शिकवलं, त्यात आणखी चार दिवस गेले.

मग एका शनिवारी, माझी जेवायची आणि अण्णांची चहाची वेळ असताना, दिवा हिरवा लागला आणि टिकला. आता ते दुखण्याचं सांगणार. अण्णांनी लिहिलं, अगदी घरात बोलायचे तसं:

'आता हितं कुनी न्हाई. सांग. जावईबापू किती दिस झालं तितं न्हाईत?'

तुम्हाला कोणी सांगितलं, एवढंच मला लिहिता आलं.

'कुनी न्हाई. पयलं तू लिवायचीस, नितीननं ह्ये आनलं, नितीन आसं म्हनला. आता नुसतं दोघं मजेत. जल्मभर कागद वाचल्यात म्या.'

हा सगळा खटाटोप त्यांना बोलता यावं म्हणून चालला आहे, असं मी धरून चालले होते. तो माझ्यासाठी होता. मी सगळं लिहिलं, न थांबता, आठ महिन्यांचं. शेवटी लिहिलं, मला इथं करमत नाही, अण्णा. मग घाबरून बसले. आता 'जुळवून घे' असं येणार, नाहीतर 'निघून ये'. ओळ आली.

'मलाबी हितं करमत न्हाई. तुजी आई गेल्यापासनं. तुला कसं सांगावं, म्हनून उत्तम लिवत व्हतो.'

इतकी वर्षं मी समजत होते की घर भोरला आहे आणि मी तेवढी त्याच्या बाहेर. अण्णा त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून माझ्याइतकेच बाहेर होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. याचं मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा आधारही वाटला. मी विचारलं, आता काय करायचं?

'काय न्हाई. लगीच बंद करू नगंस. लिवलं न्हाईस तरी चालंल. नुसता दिवा ऱ्हाऊ दे.'

मी ताट पुढ्यात ओढलं आणि जेवायला बसले.