तुळजापूरचं तीर्थ आणि सोलापूरची बॅटरी

सासूबाईंचा निरोप आला आणि मी सोलापूरला निघालो. निरोप सरळ होता. पोरीला सर्व्हिस मोटरीच्या गर्दीत पाठवणार नाही, दसऱ्याच्या आत घरची मोटर घेऊन या, नाहीतर गंगूचं नाव इथल्याच शाळेत घालते. माझी बायको शांता वारल्यापासून आमची गंगू सोलापूरला आजोळीच होती. आणि घरची मोटर, मागं दोन बाकांची, सगळं घरदार मावेल अशी, कळंबला अंगणात धूळ खात उभी. हँडल मारून खांदा भरून आला, पण पठ्ठी हूं की चूं करीना. बॅटरी मेली होती.

जुनी बॅटरी गोणपाटात गुंडाळून सकाळची सर्व्हिस धरली. येरमाळ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढं हाडं खिळखिळी होतात. भाकरी घरून बांधून न्या. मला कोण बांधून देणार? धाराशिवला भज्यांवर भागवलं. आणि बॅटरी चुकूनही मांडीवर घेऊ नका. तुळजापूर येईस्तोवर आतलं तेजाब सांडून माझ्या धोतराला भोकं पडली.

तुळजापूरला सगळे दर्शनाला उतरले. शांता इथून बाटलीभर तीर्थ न्यायची आणि खंडेनवमीला मोटरीची पूजा झाली की त्यातलं पळी-पळी बॅटरीत घालायची. म्हणायची, राबणाऱ्याला तहान लागतेच की. मी उतरलो नाही, बॅटरी सांभाळत बसलो.

सोलापूरच्या दुकानदारानं झाकणं उघडली. प्लेटा पांढऱ्याफटक. पाणी कुठलं घालता, म्हणाला. तीर्थ म्हणताना माझीच जीभ अडखळली. तो हसला नाही. बॅटरीला फक्त भट्टीतून काढलेलं शुद्ध पाणी लागतं, एवढंच म्हणाला आणि बोलता बोलता जुनीतलं सगळं गटारीत ओतून मोकळा झाला. मी "अहो" म्हणेपर्यंत वाहून गेलं होतं.

बॅटरी घेताना जास्त प्लेटांची घ्या. चार्जिंगला रात्र जाते, तेवढा मुक्काम धरूनच या. आपला निजामाचा हाली सिक्का तिकडं इंग्रजी मुलखात चालत नाही, कलदार रुपये जवळ ठेवा. जुनी दिली तर नवीची किंमत कमी करतात. मी नाही दिली.

रात्री सासुरवाडीला गेलो. गंगूनं तांब्या आणून ठेवला, पाहुण्यापुढं ठेवतात तसा, आणि आत पळाली. लई लागलं जिवाला. पाणी तसंच ठेवून उठलो.

परतीला नवी बॅटरी ड्रायव्हरच्या पायाशी, जुनी माझ्याजवळ. तामलवाडीच्या जकात नाक्यावर करोडगिरीवाल्यानं नवीचा महसूल घेतला, मग जुनी हलवून बघितली.

"ये मुर्दा डब्बा कायकू ढोते, सेठ?"

"घरका है," म्हणालो. त्यानं ती परत माझ्याजवळ ठेवली.

घरी येऊन बॅटरी बसवली, टोकांना ग्रीस लावलं, बटण दाबलं. पहिल्या दमात इंजिन सुरू! अंगणात ऐकायला कुणी नव्हतं. तरी भोंगा वाजवला. दुसऱ्या दिवशी सोलापूर गाठलं आणि गंगूला पुढच्या सीटवर बसवून आणलं. वाटभर ती माझ्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत होती.

खंडेनवमीला मोटर धुतली, झेंडूची माळ घातली. गंगू आईसारखीच, येताना तुळजापूरहून आणलेल्या तीर्थाची पळी घेऊन आली. मी तिला शिकवलं: नवीत महिन्यातून एकदा शुद्ध पाणी, प्लेटा बुडतील इतकंच. आठवड्यातून एकदा मोटर चालवायचीच, उभी ठेवली की बॅटरी बसते. मग तीर्थ कुणाला, तिनं विचारलं. मी ओसरीवरची जुनी बॅटरी दाखवली.

तिनं एकेका भोकात जपून पळी रिती केली. मग वाकून आत बघितलं.

"आप्पा, आईनं घातलेलं पाणी अजून हाय का ह्यात?"

सोलापूरची ती गटार डोळ्यांपुढं आली.

"हाय," म्हणालो.

ती माझ्याजवळ येऊन बसली.