दोन सीटांच्या गाडीत अम्मी

अब्बा गेल्यावर मी अम्मीला रत्नागिरीहून शारजाला घेऊन आलो. ती जेवायची, नमाज पढायची आणि उरलेला दिवस बाल्कनीतल्या खुर्चीत बसून काढायची. काही विचारलं तर म्हणायची, "मी बरी आहे रे." की खलास, पुढे बोलणं नाही.

त्याच हिवाळ्यात मी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच सीटा आणि उघडणारं छप्पर. इथल्या उन्हाळ्यात ते छप्पर उघडलं तर माणूस भाजून निघेल, त्यामुळे अशा गाडीची मजा थंडीतच. बायको म्हणाली, "माणसं चार आणि सीटा दोन. बसायचं कोणी?"

तेवढ्यात रास अल खैमाला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मुलगी झाली. अम्मी पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, "मला बाळ बघायचंय." पण बायको मोठी गाडी घेऊन हॉस्पिटलात ड्युटीवर गेली होती. मी घुटमळलो. आमची लेक म्हणाली, "दादी, जस्ट गो! इट्स सो कूल."

खाली पार्किंगमध्ये अम्मी गाडीचं दार चाचपत राहिली. कडी दारातच सपाट बसवलेली. एक टोक दाबलं की दुसरं वर यायचं.

"ह्याला दार आहे की नुसतं चित्र काढलंय?"

मी उघडून दिलं. ती बसायला वाकली आणि धपकन खाली गेली. "मी बसले की पडले?" तिने विचारलं. मग काचेचं बटण शोधू लागली. ते दारावर नव्हतं, दोन सीटांच्या मध्ये होतं. ते सापडल्यावर तिने तिथली उरलेली सगळी बटणंही दाबून पाहिली.

हायवेला लागलो आणि धुकं उतरलं. दवाने रस्ता ओला झालेला, टायर रुंद आणि अजून गार. अशा वेळी ही गाडी घसरते, हे मला ठाऊक होतं. मी वेग कमी केला. मागून येणाऱ्याला आम्ही दिसावं म्हणून मागचा धुक्याचा दिवा लावायचा होता, पण त्याचं बटण काही हाताला लागेना.

"तू समोर बघ," अम्मी म्हणाली. "काय शोधतोयस?"

"धुक्याचा दिवा. दिव्याचं चित्र असेल."

ती वाकली. हात टेकायच्या गादीखाली, काचेच्या बटणांमागे तिला ते मिळालं. "हे बघ, लागला. कुठे लपवून ठेवतात मेले!"

पुढच्या पेट्रोल पंपावर थांबलो आणि कडक चहा घेतला. चहा संपेपर्यंत धुकं विरलं, कोवळं ऊन पडलं. मी भीतभीतच विचारलं, "छप्पर उघडू?"

तिने ओढणी डोक्याभोवती घट्ट बांधली. "उघड."

वारा अंगावर आला तशी ती हसायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या अब्बांनी मला भाट्याच्या पुळणीवर, वाळूत, स्कूटर शिकवली होती. पडले मी, आणि रडायला लागले ते." अब्बांचं नाव तिने इतक्या महिन्यांत काढलं नव्हतं. मी तिला बोलू दिलं. लग्नाआधीची भेट, त्यांचं चिडणं, त्यांचं घोरणं, सगळं ती सांगत होती. मध्येच रडली, ओढणीने डोळे पुसले आणि पुन्हा सांगायला लागली.

बहिणीच्या दारात मात्र तिला गाडीतून उठता येईना. शेजारची एक अरबी बाई धावत आली. आम्ही दोघांनी तिचा एकेक हात धरला. "यल्ला, मामा, यल्ला!" बाई म्हणाली, म्हणजे 'चल, आई, चल', आणि अम्मी हसत हसत वर आली. बाळ मांडीवर घेतलं तेव्हाही तिचं हसणं थांबलं नव्हतं.

त्यानंतर ती संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बागेत जाऊ लागली. थंडी संपता संपता म्हणाली, "आता मला घरी सोड."

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. रत्नागिरीत ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलंय.

"ह्या वयात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग कुठल्या वयात?" ती म्हणाली. "चल, ठेवते. सर खाली हॉर्न वाजवतायत."