मोठीआईचा पदर

मोठीआईचा चेहरा दिघोरीत फार थोड्यांनी धड पाहिला असेल. डोक्यावरचा पदर ती भुवयांच्याही खाली ओढायची आणि बोलायची ती समोरच्याच्या पायांशी. माझ्या थोरल्या काकांची ही बायको म्हणजे गावाचा आदर्श. "सून पायजे त मोठीसारखी," असं उठता-बसता म्हणून तिच्या सासूने बाकीच्या सुनांना जीव नकोसा केला होता.

पुढे सासू-सासरे गेले, इतर बायांचे पदर खांद्यावर आले. तिचा जागचा हलला नाही. त्याचंही कौतुकच झालं. तिच्या बाकीच्या खोडी मात्र आम्ही थट्टेवारी नेल्या. ट्यूबलाइट लावली की ती उठून ओसरीत जाऊन बसे. "थे थरथरून राहिली ना," म्हणे. आम्हाला कुणालाच थरथर दिसत नसे. पंगतीत समोर कुणी चौकड्याचं लुगडं नेसून बसली, की हिचं जेवण संपलं. "थे चौकडे हालतेत, मले गरगरते." काका हसत, "उद्या पानातला भात बी नाचते म्हनशीन."

माझ्या चिनूला ऑटिझम आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. तो शब्द मी आमच्या भंडाऱ्याच्या घराबाहेर पडू दिला नाही. लग्नकार्यात ती डोळे झाकून माझ्या मांडीत डोकं खुपसायची आणि मी हसून सांगायचे, "लाजते जरा." लाजरी मुलगी सगळ्यांना चालते.

चुलतभावाच्या लग्नातही तेच सांगितलं. शूटिंगचा दिवा आमच्यावर आला आणि चिनू थरथरायला लागली. मोठीआई उठली, तिला पदराखाली घेऊन मांडवामागे गेली, आचारी भात उपसत होते तिथल्या अंधारात. मी मागोमाग जाऊन पुन्हा म्हणाले, "लाजते ती."

"लाजत नाई. तिले टोचून राहिलं," मोठीआई म्हणाली. मग चिनूच्या पायांकडे पाहत पुढे बोलली. "मले बी लोक लाजरी म्हनत. मी म्हनू देलं. उजेड टोचते म्हनलं असतं त पागल म्हनले असते. पर माह्या नावानं दुसऱ्या सुनांले बोलनी बसत, तवा लय शरम वाटे. तू पोरीले लाजरी नको म्हनू."

तिला कारण माहीत नव्हतं, भीती होती. मला सगळं माहीत होतं. मी तिच्याकडे पाहूही शकले नाही.

मागच्या थंडीत मोठीआई गेली. अंगणात ठेवलं होतं, तोंडावर ऊन आलेलं, शेवटचं पाहायला म्हणून चेहरा उघडा केलेला. चिनू सरळ पुढे गेली आणि तिने मोठीआईचा पदर डोळ्यांवर ओढला. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "किती लाजाळू होती बाई. तुयी पोरगी बी तशीच दिसते."

"हो ना," मी सवयीने म्हणून बसले.

"लाजत नाई," चिनू त्या बाईच्या पायांकडे पाहत म्हणाली. "टोचते."

मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांना ते ऊन अजिबात टोचत नव्हतं.